दक्षिणेकडील घरे : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या तीन कथा

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्याचा प्राध्यापक नाही. बँकेत लिपिक आहे. दिवसभर नोटा, स्लिपा आणि खात्यांचे आकडे यांच्याशी माझा संबंध. बी.ए.ला असताना इंग्रजीच्या पेपरात दोन-तीन अमेरिकन कथा होत्या, तेव्हापासून त्या देशातील काळ्या माणसांच्या कथा मिळतील तशा वाचत आलो. त्यांतील फक्त तीन कथा आज मी आपणांस सांगणार आहे. तिन्ही घरातल्या कथा आहेत. मोर्चा नाही, सभा नाही, नेता नाही. आई आहे, मूल आहे आणि घरात जेमतेम पैसा आहे.

आपल्या चळवळीचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी जुने नाते आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी 1946 साली डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव ब्लॅक पँथर पक्षावरून आले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या पक्षालाही हे चिन्ह कोठून मिळाले, हे फारसे कोणी सांगत नाही. ते आले दक्षिणेतील अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटी या कापूस पिकविणाऱ्या भागातून. तेथे लोकसंख्येत काळे लोक फार मोठ्या बहुमतात होते, पण 1965 च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. पुढे तेथील शेतमजुरांनी स्वतःची राजकीय संघटना काढली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मतपत्रिकेवर खूण ओळखता यावी म्हणून चिन्ह निवडले काळ्या चित्त्याचे. म्हणजे आपल्या पँथरची पाऊलवाट अखेर दक्षिणेतल्या कापसाच्या शेतात जाऊन पोहोचते.

अमेरिकेची दक्षिण म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना वगैरे राज्ये. 1865 साली घटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामी कायद्याने संपली. पण जमीन मिळाली नाही. माणूस मोकळा झाला आणि हात मात्र रिकामेच राहिले. मग वाट्याची शेती सुरू झाली. जमीन मालकाची, खेचर मालकाचे, बियाणे मालकाचे, राबणूक काळ्या कुटुंबाची. पीक येईपर्यंत पीठमीठ मालकाच्या दुकानातून उधारीवर आणायचे आणि कापूस निघाला की हिशेब करायचा. मित्रहो, मी बँकेतला माणूस आहे, म्हणून माझे लक्ष एका गोष्टीकडे लगेच गेले. हिशेबाची वही मालकाकडे होती. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर काय चढविले, हे तोच लिहिणार आणि तोच वाचून दाखविणार. वर्षाच्या शेवटी कुटुंब कर्जातच निघायचे. शिवाय 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केल्यामुळे शाळा, गाडीतली जागा, दवाखाना, पाण्याचा नळ, सगळे वेगळे झाले. वेगळे झाले ते खरे, समान मात्र कधीच झाले नाही.

पहिली कथा रिचर्ड राइट यांची. राइट 1908 साली मिसिसिपीत जन्मले. आजोबा गुलामीतून आलेले, वडील वाट्याने शेती करणारे. तरुणपणी मेम्फिस शहरात काम करीत असताना त्यांना वाचायची भूक लागली. काळ्या माणसाला तेथील ग्रंथालयातून पुस्तके मिळत नसत. तेव्हा त्यांनी एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेतले आणि जणू तो गोराच पुस्तके मागवतो आहे अशी चिठ्ठी स्वतःच लिहून ग्रंथपालापुढे धरली. आपण निव्वळ हरकाम्या आहोत असे भासवून त्यांनी पुस्तके नेली. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आपल्या संस्थेच्या वाचनालयात कार्ड आहे, पुस्तके आहेत, आणि खुर्च्या मात्र रिकाम्या असतात.

त्यांची ही कथा 1940 साली प्रथम छापली गेली. नाव ‘जवळजवळ पुरुष झालेला माणूस’ असे काहीसे करता येईल. डेव्ह नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गोऱ्या मालकाच्या शेतात राबतो. त्याची मजुरी त्याच्या हातात येत नाही, आई परस्पर घेते, कारण हिवाळ्यात शाळेसाठी कपडे लागणार आहेत. सगळे त्याला पोर समजतात. त्याला वाटते, बंदूक असली की लोक आपल्याला पुरुष म्हणतील. आईची मनधरणी करून तो दोन डॉलरला एक जुने पिस्तूल घेतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मालकाची जेनी नावाची खेचरी घेऊन रानात जातो आणि डोळे मिटून चाप ओढतो. गोळी जेनीला लागते. तो वेडापिसा होऊन जखमेत माती कोंबतो. पण जेनी मरते. संध्याकाळी सगळा गाव जमतो. डेव्ह खोटे बोलतो, पकडला जातो, आणि लोक हसतात. मालक शांतपणे सांगतो, खेचरीचे पन्नास डॉलर झाले, दरमहा दोन डॉलर फेड.

मी तेथे थांबून हिशेब केला. पन्नास भागिले दोन म्हणजे पंचवीस महिने. दोन वर्षे आणि वर एक महिना. दोन डॉलरच्या पिस्तुलापायी सतरा वर्षांचा पोरगा दोन वर्षांसाठी बांधला गेला. त्याच्या बापाला सुटला असेल असा खेचराचा जू त्याच्या मानेवर आला. रात्री डेव्ह उठतो, पुरून ठेवलेले पिस्तूल उकरून काढतो आणि चालत्या मालगाडीवर चढून निघून जातो. कोठे, ते लेखक सांगत नाही. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेली. राइट स्वतः 1927 साली शिकागोला गेले. पण ही कथा डेव्हला शूर ठरवत नाही. तो पळाला तेव्हा त्याच्या खिशात रिकामे पिस्तूल होते आणि मागे आई होती. मालक आता त्या आईकडेच वसुलीला जाईल का, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरी कथा अर्नेस्ट गेन्स यांची, 1963 साली प्रसिद्ध झालेली. नावाचा अर्थ ‘आभाळ करडे आहे’. गेन्स 1933 साली लुइझियानातील एका मळ्यावर, मजुरांच्या वस्तीत जन्मले. त्यांना त्यांच्या नात्यातील एका बाईंनी वाढविले. या बाईंना चालता येत नव्हते, जमिनीवर सरपटत त्या स्वयंपाक, धुणे, सगळे करीत. शाळा मळ्यावरच्या चर्चमध्ये भरे, तीही वर्षातून पाच-सहा महिनेच. मळ्यावरच्या म्हाताऱ्या लोकांना लिहिता येत नसे, त्यांची पत्रे हा मुलगा लिहून देत असे. पंधराव्या वर्षी तो कॅलिफोर्नियाला गेला. तेथील ग्रंथालयात पुष्कळ पुस्तके वाचली, पण आपल्या मळ्यावरची माणसे त्यांत कोठे सापडली नाहीत. म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतले. 2019 साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथेत आठ वर्षांचा जेम्स आहे. त्याचा दात दुखतो आहे. बाप लष्करात गेलेला, घरात पैसा नाही, म्हणून तो दुखणे लपवतो. कळल्यावर शेजारचे गृहस्थ प्रार्थना करून दात बरा करू पाहतात. तो बरा होत नाही. शेवटी आई त्याला घेऊन बसने गावाला निघते. बसमध्ये पाटी लावलेली आहे, तिच्या मागेच बसायचे. दंतवैद्याकडे पुष्कळ लोक बसले आहेत. तेथे एक धर्मोपदेशक आणि एक शिकलेला तरुण यांचा वाद जुंपतो. तरुण म्हणतो की प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारला पाहिजे, देवालासुद्धा. उपदेशक त्याच्या तोंडात मारतो. तरुण दुसरा गाल पुढे करतो. छोटा जेम्स मनात ठरवतो, मोठा झालो की मी या माणसासारखा होईन. बंधू-भगिनींनो, पुस्तक हातात घेऊन बसलेला एक तरुण एका अनोळखी पोराच्या मनात काय पेरून जातो, ते पाहा.

डॉक्टर जेवायला जातो. मायलेकरांना गारठ्यात, हिमकण पडत असताना, रस्त्याने फिरत राहावे लागते. गोऱ्यांच्या खाणावळीत जाता येत नाही. आई एका दुकानात शिरते, कुऱ्हाडीचे दांडे एकामागून एक हातात घेऊन निरखल्यासारखे करते, आणि तेवढ्या वेळात पोराला शेगडीपाशी ऊब घेऊ देते. दांडा घेत नाही, बाहेर पडते. पुढे एक गोरी म्हातारी त्यांना हाक मारून जेवायला बोलावते. आई म्हणते, फुकट नको. तेव्हा म्हातारी युक्ती करते, पोराला कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचे काम देते. डबे हलके लागतात. पोराला संशय येतो, तो उघडून बघू पाहतो, पण त्याला हटकले जाते. मग जेवण. निघताना आई पाव डॉलरचे खारवलेले मांस मागते. म्हातारी मोठा तुकडा कापते. आई म्हणते, हे पैशाच्या मानाने जास्त आहे, आणि निम्मा करून घेते. बाहेर आल्यावर जेम्स थंडीने कोटाची कॉलर वर करतो. आई त्याला ती खाली करायला लावते. भटक्यासारखे राहायचे नाही, तू पुरुष आहेस, असे त्याला बजावते. कथा तेथेच संपते.

काही वाचकांना ही आई कठोर वाटते. याच आईने खाण्यासाठी जाळ्यात धरलेली लाल पाखरे पोराच्या हातून मारून घेतली होती, तो रडत होता तरी. कारण तिला माहीत आहे, उद्या आपण नसलो तर यालाच घर सांभाळायचे आहे. तिला मायेची ऊब देता येत नाही असे नाही. दुकानातल्या शेगडीपाशी तिने ती दिलीच. पण ती देताना पोराला लाचार होऊ दिले नाही. स्वाभिमान या शब्दावर आपण भाषणे पुष्कळ ऐकली. मांसाचा तुकडा निम्मा करून मागणारी ही अडाणी बाई ते सारे एका वाक्यात सांगून जाते.

तिसरी कथा अ‍ॅलिस वॉकर यांची, 1973 सालची. अर्थ ‘रोजच्या वापरासाठी’. वॉकर 1944 साली जॉर्जियात, वाट्याने शेती करणाऱ्या घरात, आठ भावंडांतील सर्वांत धाकट्या. पुढे 1983 साली त्यांच्या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथासाहित्यासाठी ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

कथा आईच्या तोंडून आहे. आई धिप्पाड, पुरुषाच्या बरोबरीने राबणारी. दुसरीपर्यंत शिकली, मग 1927 साली शाळाच बंद झाली. तिला दोन मुली. धाकटी मॅगी घराला लागलेल्या आगीत भाजलेली, बुजरी, भिंतीला चिकटून चालणारी. थोरली डी हुशार, रूपवान. आईने आणि चर्चमधल्या लोकांनी पैसे जमवून तिला शहरात शिकायला पाठविले. ती आता घरी येते, अंगावर झगझगीत आफ्रिकी पोषाख, बरोबर एक मित्र. आल्याआल्या घराचे फोटो काढते. म्हणते, मी आता डी नाही, माझे नाव वांगेरो. जुलूम करणाऱ्यांनी दिलेले नाव मला नको. आई म्हणते, अगं, तुझे नाव तुझ्या मावशीवरून ठेवले, तिला ते तिच्या आईवरून मिळाले.

मग वांगेरो घरातल्या वस्तू मागू लागते. ताक घुसळण्याची रवी हवी, शोभेला ठेवायला. शेवटी पेटीतून दोन गोधड्या काढते. आजीने तुकडे जोडून ठेवलेले, आईने आणि मावशीने शिवलेल्या. एकेका तुकड्याचे नाव आईला सांगता येते. हा आजीच्या झग्याचा, हा आजोबांच्या सदऱ्याचा, आणि हा काडेपेटीएवढा निळा तुकडा पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचा. या गोधड्या आईने मॅगीच्या लग्नासाठी ठेवल्या आहेत. वांगेरो म्हणते, मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील, मी भिंतीवर टांगीन. याच मुलीला कॉलेजात जाताना आईने एक गोधडी देऊ केली होती, तेव्हा ती जुनाट म्हणून तिने नेली नव्हती. मॅगी हळूच म्हणते, तिला दे आई, गोधड्यांवाचूनही मला आजी आठवते. हे ऐकून आईला काय होते कोण जाणे, ती वांगेरोच्या हातातून गोधड्या हिसकावते आणि मॅगीच्या मांडीवर टाकते.

ही कथा मी एका स्नेह्यांना सांगितली, तेव्हा ते रागावले. म्हणाले, “म्हणजे नाव बदलणारी पोरगी वाईट आणि जुनी नावे चांगली, असेच ना? मग आमच्या बापजाद्यांना लोकांनी कचरू, धोंड्या, दगडू म्हणून हाका मारल्या, तीच नावे ठेवायची का?” प्रश्न रास्त आहे. 1956 नंतर आपल्या घरांतून सिद्धार्थ, राहुल, सुजाता, गौतमी या नावांची मुले वाढली. ती नावे उसनी नव्हती, ती आपण कमावली. मीही त्यांतल्याच एका नावाने आज आपल्यापुढे उभा आहे.

म्हणून मी ती कथा पुन्हा वाचली. आई नव्या नावाला विरोध करीत नाही. तुला तेच नाव हवे असेल तर आम्ही त्याच नावाने हाक मारू, असे ती म्हणते, आणि अवघड उच्चार पुन्हापुन्हा घोकते. गुलामांना मालकांची नावे चिकटली हे वांगेरोचे म्हणणेही खोटे नाही. तिची चूक नाव बदलण्यात नाही. ज्या बायकांनी ते जुने नाव अंगाखांद्यावर वागवले, त्या कोण होत्या हे तिने कधी विचारले नाही, ही तिची चूक. तिला गोधडी हवी, शिवणारी नको. घराचा फोटो हवा, घरात राहणारी मॅगी नको.

अर्थात भिंतीवर टांगलेले सगळेच खोटे असते असेही नाही. अलाबामातील जीज बेंड या खेड्यातल्या काळ्या स्त्रियांनी थंडीपासून मुलांना वाचवण्यासाठी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या मोठ्या संग्रहालयांत टांगल्या गेल्या, 2006 साली टपाल तिकिटांवर आल्या. पण तेथे गोधडीबरोबर शिवणारणीचे नावही लागले. फरक आहे तो एवढाच.

आता एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. नोकरी लागल्यावर मी शहरात खोली घेतली. तेथे मी कोण, कोठला, हे कोणाला फारसे सांगितले नव्हते. मुलगी झाली तेव्हा गावाहून आई आली. डोक्यावर बोचके, अंगावर जुने लुगडे. खाली उभी राहून ती मोठ्याने, माझ्या घरच्या नावाने आणि वाड्यातल्या जुन्या आडनावाने माझी चौकशी करीत होती. शेजारी गॅलरीत आले होते. मी जिन्यात उतरलो आणि मधल्या वळणावर थांबलो. दोन मिनिटे थांबलो असेन. मग खाली गेलो. आई काही बोलली नाही. मला आजही वाटते, तिला कळले होते. बोचक्यात नातीसाठी शिवलेली गोधडी होती. आम्ही ती माळ्यावर टाकली, कारण बाळाला दुकानातली मऊ दुलई होती.

आई गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. ती गोधडी आज आमच्या घरात वापरात आहे. मुलगी एकदा म्हणाली, “बाबा, हा हिरवा तुकडा कशाचा?” मला सांगता आले नाही. लाल कोणाच्या लुगड्याचा, खाकी कोणाच्या सदऱ्याचा, मला एकही सांगता येत नाही. वॉकर यांच्या कथेतल्या त्या दुसरी शिकलेल्या आईला सगळे सांगता येत होते. माझ्या आईलाही आले असते. मी विचारले नाही. दोन मिनिटे मी जिन्यात थांबलो ती चूक मी तिच्यापाशी कबूल करू शकलो असतो. ही दुसरी चूक मात्र आता दुरुस्त होणारी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे. येत्या रविवारी एक वही घ्या. घरात जी सर्वांत वयस्क व्यक्ती असेल तिच्याजवळ बसा. आजीचे माहेरचे नाव काय, आजोबा कोणाच्या शेतात राबले, पहिली शाळा कोणती, घरात पहिले पुस्तक कोणी आणले, 1956 साली कोण नागपूरला गेले आणि कसे गेले, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भाषा शुद्ध करू नका. संस्थेच्या कार्यकारिणीला माझी सूचना आहे की अशा वह्या वाचनालयात एका कपाटात ठेवाव्यात आणि त्यांची नोंद ठेवावी. ते काम माझ्याकडे द्यावे. नोंदी ठेवणे एवढेच मला चांगले येते.

दक्षिणेतल्या त्या मळ्यांवर हिशेबाची वही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हातात होती. राइट, गेन्स, वॉकर यांनी लेखणी हातात घेतली आणि आपल्या आयांचा हिशेब स्वतः लिहिला. लेखणी आपल्याही हातात आहे. बाबासाहेबांनी ती आणून दिली. विचारायची माणसे आहेत तोवर ती चालवू या.